पोपटी गाडीतली पुढची जागा

गणपती बसायच्या आदल्या दिवशी ह्यांनी दारात पोपटी रंगाची गाडी आणून उभी केली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथून.

पोपटी म्हणजे अगदी शाळकरी पोरांच्या पाण्याच्या बाटलीचा असतो तसला पोपटी. ज्या माणसानं जन्मभर पांढऱ्या शर्टाशिवाय दुसरा शर्ट अंगाला लावला नाही, माझ्या अबोली साडीलाही जो 'फार भडक' म्हणायचा, त्याला सत्तरी ओलांडल्यावर हा रंग सुचला. गाडी तरी कशी, तर लोखंडी कपाटाला चाकं लावल्यासारखी उंच आणि चौकोनी. आधीची पांढरी गाडी काही वाईट नव्हती. ती ह्यांनी मला न विचारता विकून टाकली. आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा मला विचारल्याशिवाय बदलत नाही, आणि इथं अख्खी गाडी बदलली होती.

"हाच रंग काऊन घेतला?" मी विचारलं.

"आवडला."

"आन् इतकी उंच कायले?"

"कमरेला बरी. वाकावं लागत नाई."

एवढं बोलून हे आत गेले आणि रेडिओ लावून बसले. हल्ली पेपर वाचायचं सोडून रेडिओच ऐकायचे. पेपरात आता काही नसतं म्हणायचे.

लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. शरदचंद्र, म्हणजे आमचे हे, इरिगेशन ऑफिसात सुपरिंटेंडेंट होते. त्यांनी कंत्राटदारांच्या बिलांवर जितका संशय घेतला नसेल तितका मी दूधवाल्यावर घेतलाय, आणि दर वेळी माझाच खरा निघालाय. तेव्हा गाडीचं मी मनात नोंदवून ठेवलं आणि मोदकांच्या तयारीला लागले.

दुसरी गोष्ट सुभद्राबाईंची. दोन घरं सोडून राहतात. मराठी शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. बाई चांगली, पण एक खोड. जाईल तिथला प्रत्येक बोर्ड मोठ्यानं वाचायची. बाजारात बरोबर गेलं की खताचं दुकान, दाताचा डॉक्टर, लग्नाचा हॉल, सगळं तुमच्या कानावर पडणार. मराठी, तेलुगू, हिंदी, काही सोडायची नाही. आम्ही बायका मागं हसायचो. ही बाई आता आमच्या गाडीत पुढं बसायला लागली.

कारण काय, तर गुडघा. मागच्या सीटवर गुडघा दुमडत नाही म्हणे. बरं, दुमडत नसेल. पण बोलावणं कोणाचं? ह्यांचंच. पेट्रोल भरायला निघाले तरी वाटेत थांबून हाक मारायचे, "सुभद्राबाई, येता का टाउनात?" आणि ती बाई तयारच असायची, पर्स खांद्याला लावून.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही बोथला गेलो, माझ्या मावसबहिणीकडं, कुसुमबाईकडं. तेव्हा मला सगळं जवळून पाहायला मिळालं. मी मागं, मांडीवर करंज्यांचा डबा. पुढं ही दोघं. आणि गाडी सुरू झाल्यापासून सुभद्राबाईंचं तोंड जे सुरू झालं ते बोथ येईपर्यंत थांबलं नाही.

"भाऊसाहेब, डावीकडं म्हैस आहे बघा. पोरगी हाकून राह्यली. आता ट्रॅक्टर निघाला, ऊस नाही, कडबा आहे वाटते. पुढं उंचवटा आला."

"हो, घेतला," हे म्हणायचे.

"बोथ फाट्याचा बोर्ड आला. ढाब्यासमोर लॉरी उभी आहे, आडवीच लावली मेल्यानं."

"अस्सं!" आणि हे हसायचे.

चाळीस वर्षं मी ह्या माणसाच्या गाडीत बसले. मी नुसतं 'पाऊस येईल वाटते' म्हटलं तरी 'गाडी चालवताना बोलू नको' हे उत्तर ठरलेलं. आणि आज म्हशी, ट्रॅक्टर, लॉरी सगळ्याचं कौतुक चाललेलं. गाडी तरी कशी चालवत होते! मागून बैलगाडीनं ओलांडावं इतकी हळू, जशी काही वाट संपूच नये. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बोथला उतरलो तर कुसुमबाई दारातच उभी. तिची नजर माझ्याहून वाईट. स्वयंपाकघरात नेऊन मला विचारते, "दमयंती, तू मागं काऊन बसली होती?"

"त्यांचा गुडघा दुखते."

"आन् तुये गुडघे काय लोखंडाचे हायेत?"

मी पुरणाचं पातेलं उचललं आणि बाहेर आले. त्या दिवशी पुरणपोळी मला कडू लागली.

ते साल आमच्या जिल्ह्याच्या वाटणीचं होतं. तेलंगणा होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आता एका आदिलाबादचे चार जिल्हे व्हायचे होते, दसऱ्याच्या मुहूर्तावर. ऑफिसाऑफिसांतून कपाटं लॉरीत चढत होती. कारकून सुतळ्या घेऊन मिसली, म्हणजे फायली, बांधत होते, ही निर्मलची, ही मंचिर्यालची, ही आसिफाबादची. कुठल्याही कामाला गेलं की एकच उत्तर मिळायचं, मिसल नव्या जिल्ह्यात गेली. ज्याला काम करायचं नाही त्याला आयतीच सबब सापडली होती. आमच्या ह्यांनाही सापडली.

"निर्मलला जाऊन येतो," एके दिवशी सकाळी हे म्हणाले. "पेन्शनची मिसल तिकडं गेली म्हणतात."

"तुमची? तुमी तर आदिलाबादात रिटायर झाले."

"मधी दोन वर्षं निर्मलला होतो ना. त्याच्यानं गेली."

गेले. संध्याकाळी आले ते थकून, डोळे चोळत. पुढच्या आठवड्यात पुन्हा निर्मल. त्याच्या पुढच्याही आठवड्यात. आणि मी काय मूर्ख आहे? ज्या दिवशी हे निर्मलला, त्याच दिवशी सुभद्राबाईंच्या दाराला कुलूप. मी विचारलं तर म्हणाल्या, भाचीकडं गेले होते. भाची कुठं राहते? निर्मलला.

कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते मला शोधायचं होतं. मी ह्यांचं कपाट उपसलं. शर्टांचे वास घेतले. सांगायला लाज वाटते, पण घेतले. काही सापडलं नाही. मग सरळ चिंतामणींकडं गेले. ते खजिन्यात होते, म्हणजे ट्रेझरीत, ह्यांचे जुने दोस्त. झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"चिंतामणीभाऊ, पेन्शनच्या मिसली निर्मलला गेल्या का हो?"

"कोन्या मिसली?"

"आमच्या ह्यांची."

"वहिनी, आपली पेन्शन इथंच हाय. कुठं चालली ती? जुन्या लोकांच्या एकाही कागदाले हात नाई लावला कोणी." मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "काऊन, काय झालं?"

"काही नाही," म्हणून मी उठले.

मला ह्या वयात असलं काही होईल असं वाटलं नव्हतं. तरुणपणी झालं असतं तर माहेरी गेले असते, भांडले असते. आता माहेर कुठं राहिलंय? चाळीस वर्षं ज्याच्या भाजीत मीठ किती ते मला न चाखता कळतं, तो माणूस माझा आहे की नाही हेच मला आता कळेनासं झालं होतं. रात्री शेजारी घोरणाऱ्या माणसाकडं मी परक्यासारखी बघायची.

पण मी बोलले नाही. ठरवलं, दसऱ्यापर्यंत थांबायचं. आमच्याकडं दसऱ्याला पालपिट्टा पाहायला बाहेर पडतात. नीळकंठ म्हणा, चास म्हणा, इकडं सगळे तेलुगू नावानंच ओळखतात. त्या पक्ष्याचं दर्शन झालं की वर्ष चांगलं जातं. दर वर्षी आम्ही गाडी काढून गावाबाहेर जातो, यंदा सुभद्राबाई येणार हे मला न सांगता ठाऊक होतं. दोघं समोर असताना, दर्शन झाल्यावर, तोंडावर विचारायचं. सणाच्या दिवशी दर्शनाआधी मला भांडायचं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी त्या पोपटी गाडीची पूजा केली. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं तोरण बांधलं, चाकांखाली लिंबं ठेवली. गावात नुसता गोंधळ होता. नवे जिल्हे त्याच दिवशी सुरू व्हायचे, म्हणून फटाके, मांडव, जीपा, पुढाऱ्यांचे हार. चौकात दोघंचौघं पिंजऱ्यात पालपिट्टा घेऊन उभे होते, लोक गर्दी करून पाया पडत होते. सुभद्राबाई म्हणाल्या, "इथंच पाहून घ्यायचा का भाऊसाहेब?"

"पिंजऱ्यातलं दर्शन दर्शन नाई," हे म्हणाले. "उटनूरच्या रस्त्यानं जाऊ. थोडं हिरवं असते तिकडं."

निघालो. मी मागं. गुडीहत्नूर सोडल्यावर दोन्हीकडं कापूस फुटलेला, मधेमधे ज्वारी. माझं लक्ष ना कापसात ना ज्वारीत. मी त्या दोघांच्या डोक्यांच्या मधल्या फटीतून पाहत होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. सुभद्राबाईंचं चालूच होतं. पूल आला, बकऱ्या आल्या, समोरून बस आली, थोडं बाजूला घ्या.

आणि एकदम त्या ओरडल्या, "पालपिट्टा! भाऊसाहेब, पालपिट्टा!"

ह्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली. उतरले, टोपी काढली, डोळे मिटून हात जोडले, मग उघडून वर पाहिलं. मीही उतरले. पक्षी उजव्या हाताला होता, रस्त्याच्या पलीकडं, बाभळीच्या वाळक्या फांदीवर. हे डावीकडं पाहत होते. डावीकडं विजेची तार होती आणि तारेवर काहीच नव्हतं.

"वा!" हे म्हणाले. "काय निळा आहे!"

बसलेला पालपिट्टा निळा दिसत नाही. मातकट, तपकिरी दिसतो. उडाला की पंखातली निळाई दिसते. हे तर कोणालाही माहीत आहे, ह्यांनीच मला लग्नाच्या पहिल्या दसऱ्याला सांगितलं होतं.

तेवढ्यात सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, "भाऊसाहेब, थोडं उजवीकडं. बाभळीवर आहे."

"हो हो, तिकडंच पाहून राह्यलो," म्हणत हे वळले.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. 'डावीकडं म्हैस' म्हणायच्या तोच. 'पुढं उंचवटा आला' म्हणायच्या तोच. आणि मी तिथं, मातीत उभ्या उभ्या, महिनाभराचं सगळं बोलणं परत ऐकलं. त्यात एकही वाक्य लाडाचं नव्हतं, सगळी रस्त्याची होती. पक्षी उडाला, निळेशार पंख पसरून आमच्या डोक्यावरून गेला. हे मात्र त्या रिकाम्या बाभळीलाच हात जोडून उभे होते.

मी म्हटलं, "अहो, तो पुढचा बोर्ड वाचा."

"कायले?"

"वाचा ना."

सुभद्राबाईंनी तोंड उघडलं. मी म्हणाले, "तुमी नाही. ह्यांना वाचू द्या."

हे मान तिरकी करून म्हणाले, "बोर्ड कुठं आहे?"

बोर्ड समोर होता. दहा पावलांवर, माणसाहून मोठा.

गाडीच्या सावलीत ह्यांनी सगळं सांगितलं. मोतीबिंदू नाही, डोळ्याचा पडदा. कापून बरं होण्यातलं नाही. मधोमध सगळं पुसल्यासारखं, कडेकडेनं थोडं दिसतं. आदिलाबादात दाखवलं तर गावभर होईल म्हणून निर्मलचा डॉक्टर धरला. पेन्शनची मिसल वगैरे सगळी थाप.

"आन् हा पोपटी रंग?"

"बँकेसमोर पंधरा गाड्या उभ्या, सगळ्या पांढऱ्या," हे म्हणाले. "मी एकाच्या गाडीले चावी लावत बसलो. तो आला, त्यानं माझी गचांडी धरली. चोर समजला मला. त्याच्यानं हा रंग घेतला. एवढा दिसते मला. आन् उंच बसलं की रस्त्याची कड दिसते."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"तू चावी घेतली असती."

"घेतलीच असती!"

"मग," हे म्हणाले आणि टोपी झटकत बसले.

"आन् ह्यांना बरं सांगितलं!"

"सांगितलं नाई. त्यायनी ओळखलं."

मी सुभद्राबाईंकडं पाहिलं. त्या गाडीला टेकून उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून. "वहिनी, मी बोर्ड वाचते ना, तुमी हसता त्याला," त्या म्हणाल्या. "पांढरी गाडी होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस भाऊसाहेब म्हणाले, पुढच्यावर काय लिहिलं आहे? तो बोर्ड एवढा मोठा होता. तेव्हाच कळलं मला."

खरं सांगते, ह्यांच्या डोळ्यांचं दुःख मला नंतर झालं. आधी झालं ते हे. ह्या बाईला एका वाक्यात कळलं, आणि मला, शर्टांचे वास घेणारीला, शेजारी झोपून कळलं नाही. पेपर सोडून माणूस रेडिओ धरतो आणि मी त्यात बाई शोधते. मला माझीच चीड आली, आणि ती सगळी मी सुभद्राबाईंवर काढली.

"तुमी शिकलेल्या! एवढ्या पोरांना शहाणं केलं! आन् न दिसणाऱ्या माणसाला निर्मलचा घाट उतरवून नेता? एखादं लेकरू आडवं आलं असतं तर? तुमचं तोंड एक क्षण थांबलं असतं तर?"

"थांबलं नसतं," त्या म्हणाल्या.

"आन् मेला असता कोणी म्हणजे?"

त्यांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "चूक आहे. मला रोज कळत होतं. पण वहिनी, माझ्या घरात चार खोल्या आहेत आन् चारीत कोणी नाही. शाळा सुटल्यापासून माझं कोणी ऐकत नाही. इथं मी म्हैस म्हटलं की एक माणूस गाडी थांबवते."

मी पुढचं दार उघडलं, वाकून चावी काढली आणि कमरेला खोचली. हे पाहत होते, म्हणजे माझ्या दिशेनं तोंड करून होते. मला वाटलं होतं चिडतील, ओरडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

आता प्रश्न, घरी जायचं कसं? तिघांपैकी गाडी चालवता येणारा एकच, आणि त्याची चावी माझ्या कमरेला. आम्ही तिघं दसऱ्याच्या उन्हात ज्वारीच्या कडेला बसून राहिलो, गाडीवर तोरण डुलत होतं. जाणारे येणारे 'दसरा शुभाकांक्षलु' म्हणत हात हलवत होते. आम्हीही हलवत होतो.

शेवटी एक माणूस पायी आला, धुवट धोतर, खांद्यावर नवा टॉवेल. महिपत नाव सांगितलं त्यानं, पुढच्याच खेड्यातला. टाउनात मेळ्याला निघाला होता, ऑटो मिळत नव्हता.

"गाडी बिघडली का जी?"

"गाडी चांगली आहे," मी म्हटलं. "तुमाले चालवता येते का?"

"कापसाची पिकअप चालवतो मी जिनिंगले. येते ना. पन साहेब आहेत नं?"

"साहेब आज मागं बसतात," मी म्हणाले.

हे मागं येऊन बसले, माझ्या शेजारी. आमच्या अख्ख्या संसारात हे गाडीत मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना. उजवा पाय उगाच दाबत होते, ब्रेक असल्यासारखा. सुभद्राबाई सवयीनं पुढं बसल्या. गाडी निघाली, वेग आला, आणि त्या म्हणाल्या, "डावीकडं बैल आहेत हं. पुढं पूल…"

"दिसते नं बाई मले," महिपत म्हणाला. वाईट हेतूनं नाही, हसूनच म्हणाला.

गुडीहत्नूर आलं, केवढाले बोर्ड गेले, नव्या जिल्ह्यांच्या शुभेच्छांचे कापडी फलक गेले, पण सुभद्राबाईंनी एकही वाचला नाही. त्यांची मान मागून मला दिसत होती, ताठ. मला फार वाईट वाटलं. पण माझा राग अजून गेला नव्हता.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. चिंतामणी आले, शेजारचे तेलुगू लोक जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन आले. हे सगळ्यांशी हसून बोलले, गळाभेट घेतली. समोरचा माणूस बोलेपर्यंत हे त्याचं नाव घेत नाहीत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आधी नुसतं 'या, या' म्हणायचे, मग आवाज ओळखून 'या चिंतामणी'. किती दिवस चाललं होतं हे माझ्या डोळ्यांसमोर! मी दारात पानांचं ताट घेऊन उभी होते.

सुभद्राबाई आल्या नाहीत. मीच चार पानं घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी माझ्या हातात पानं दिली, मी त्यांच्या. "उद्या चहाला या," मी म्हटलं. त्या 'बरं' म्हणाल्या. दोघींनाही ह्याहून जास्त जमलं नाही.

परत आले तर हे ओसरीत खुर्चीवर बसले होते, गाडीकडं तोंड करून. रस्त्यावरच्या दिव्यात ती पोपटी गाडी आणखीच भडक दिसत होती. चावी मी केव्हाच डाळीच्या डब्यात तळाशी घातली होती. ह्यांनी विचारलं तर सांगायचं नाही, रडले तरी द्यायची नाही, असं मनात घोकत मी उंबरा ओलांडत होते.

"दमयंती," हे म्हणाले. "हात पुढं कर."

मला वाटलं सोनं देताहेत. आमचं एकमेकांना द्यायचं राहूनच गेलं होतं. मी हात केला. ह्यांनी खिशातून काढून माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. ते पान नव्हतं. गाडीची चावी होती.

"ही कोणती?" मला काहीच कळेना. मी मान वळवून स्वयंपाकघराकडं, डब्यांकडं पाहिलं.

"नव्या गाडीसंगं दोन देतात," हे म्हणाले.

महिनाभर मी ह्या माणसाच्या शर्टांचे वास घेतले, कपाटं उपसली, पेन्शनच्या मिसलीचा माग काढला. आणि गाडीला दोन चाव्या असतात हा संशय मला एकदाही आला नव्हता. ह्यांनी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं.

"मग आता कायले देऊन राह्यले?" मी विचारलं.

"सकाळपर्यंत माझ्यापाशी राहिली तर मी गाडी काढीन," हे म्हणाले. "मला माहीत आहे. आजच घे."

मी मूठ मिटली आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसले. मला रडू आवरेना, आणि हे अंदाजानं माझं डोकं शोधून त्यावर हात ठेवायचा प्रयत्न करत होते.